ठोका ऐकणारा दिवा

अण्णा,

दिव्याचं बटण तुम्ही कमी केलंत तेव्हा मी तुमच्या मागच्या सीटवर बसले होते आणि त्या दिव्याचा डबा माझ्याच मांडीवर होता. तुम्ही पुढच्या सीटवरून मागे वळलात, हात लांब केलात आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून रेडिओ बारीक करावा तसं ते बटण डावीकडे नेलंत. दिवा विझला. इंजिनाचा आवाज होता तसाच राहिला. तुम्हाला जाऊनही आता फार वर्षं झाली, तुमच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे मी केव्हाच निघून गेले, तरी मागे वळतानाची तुमची नजर अजून आठवते. राग नव्हता तीत. तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हतात.

गेल्या आठवड्यात माझी गाडी दुरुस्तीला नेली होती. तिथल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून इंजिनाच्या अंगाला बसवलेला बोराएवढा एक भाग दाखवला. म्हणाला, "मॅडम, हा ऐकतो. ठोका आला की गाडी आपली आपणच टायमिंग मागे घेते. चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही." मी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र चहा गार होईपर्यंत बसून राहिले. तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला माहीत असलेल्याच गोष्टी मी इथे पुन्हा सांगणार आहे, कारण क्रमाने लिहिलं तरच मला ते दिवस नीट आठवतात.

अक्कलकोट रोडला आपलं गॅरेज होतं, पत्र्याचं, पुढे कडुलिंब. त्याआधी तुमची उमेदीची वर्षं गिरणीत गेली होती, मागांच्या खात्यात फिटर म्हणून. तिथला खडखडाट असा की माणसं एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायची. गिरणी सोडून तुम्ही मोटारींकडे वळलात आणि तुमच्या हातापेक्षा तुमच्या कानाचं नाव झालं. गाडी आली की तुम्ही बॉनेट उघडायच्या आधी डोळे मिटून उभे राहायचा. ड्रायव्हर मंडळी आपलं आपलं काही सांगायला लागली की हात वर करायचा. मग म्हणायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बघाया लागतोय." आणि तोच निघायचा. टायमिंग लावायची तुमची रीत तर साऱ्या सोलापुरात माहीत होती. ठिणगी थोडी आधी पाडली की इंजिनाला जोर येतो, हे सगळेच मेकॅनिक जाणतात. फार आधी पाडली की पेट्रोल सरळ जळायच्या ऐवजी आतल्या आत फटकन फुटतं आणि पिस्टनच्या डोक्यावर घाव बसतात. तो ठोका. पत्र्याच्या डब्यात मूठभर शेंगदाणे हलवावेत तसा बारीक, वरच्या पट्टीतला आवाज. तुम्ही ठिणगी देणारा डिस्ट्रिब्युटर हाताने पुढे पुढे फिरवत न्यायचा, तो आवाज नुसता चाहूल देईपर्यंत, आणि मग केसभर मागे घेऊन नट आवळायचा. यंत्र नाही, माप नाही. तो आवाज हीच तुमची हद्द.

मी तेव्हा रेडिओचा डिप्लोमा करून गॅरेजच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून बसले होते. लोक ट्रान्झिस्टर, पंखे, रेकॉर्ड प्लेअर आणून द्यायचे. "पोरगी तारा जोडती," असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि त्यात थोडी थट्टा आणि थोडा अभिमान असायचा. त्या कोपऱ्यातून मला तुम्ही दिवसभर दिसायचा. म्हणूनच मला कळलं. त्या साली पत्र्याखाली चिमण्यांची पिल्लं सकाळपासून इतका कलकलाट करत होती की मला रेडिओची खरखर तपासता येईना. तुम्ही चहाचा कप खाली ठेवत म्हणालात, "औंदा चिमण्या आल्या न्हाईत की." मी वर बघितलं, तुमच्याकडे बघितलं. मग लक्ष ठेवायला लागले. समोरासमोर बोललं की तुम्हाला सगळं कळायचं, कारण तुमची नजर ओठांवर असायची. आपल्या मधे बॉनेट आलं की तुमचं उत्तर यायचं नाही. जाड आवाज तुम्हाला ऐकू यायचे, ट्रकचा हॉर्न, आईची मोठी हाक. वरचे, बारीक आवाज हळूहळू तुमच्याकडून निघून गेले होते. ते कधी गेले हे तुम्हालाही कळलं नसावं. जो आवाज येतच नाही, तो हरवलाय हे माणसाला कोण सांगणार?

चादरींच्या कारखान्याचे धाकटे मालक ती निळी मोटार घेऊन आले, ते याच सुमारास. घरी तेलुगू बोलणारा, हसरा, मोटारीपायी वेडा माणूस. परदेशात मागांची यंत्रं बघायला गेले आणि येताना कपड्यांच्या ट्रंकेत टर्बो घेऊन आले. गॅरेजच्या फरशीवर त्यांनी तो पोतं अंथरून ठेवला. शंखासारखं वळलेलं ते बिडाचं धूड बघून तुम्ही उकिडवे बसलात आणि आतलं चाक बोटाने फिरवलंत. ते फिरतच राहिलं. मालक म्हणाले, "उस्ताद, सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुरानं हे चाक फिरतं, आणि हे इंजिनात हवा कोंबतं. मद्रासकडच्या शर्यतीला उतरायचंय. करताय का नाही सांगा." तुम्ही चाक थांबेपर्यंत थांबलात. "हवा जास्त, म्हंजे गरमी जास्त. ठोका लई लवकर येनार," म्हणालात. "म्हणून तर तुमच्याकडे आणली. पुण्यात कुणाला हे जमेल असं वाटत नाही मला. तुमच्या कानाला जमेल." तुम्ही हसलात. माझ्या हातातली सोल्डरिंगची सळई तशीच तापत राहिली.

त्या रात्री मी झोपले नाही असं काही नाही, झोपले. पण सकाळी उठले ती ठरवूनच. मोडक्या रेकॉर्ड प्लेअरच्या पिनेमागे एक छोटा तुकडा असतो, थरथर झाली की त्यातून बारीकशी वीज निघते. तो तुकडा इंजिनाला लावला, त्याची वीज जुन्या ट्रान्झिस्टरच्या भागांनी मोठी केली आणि त्यातला फक्त वरचा आवाज पुढे जाऊ दिला, तर ठोका आला की बॅटरीचा छोटा दिवा पेटेल. एवढीच कल्पना. पहिला तुकडा इंजिनाच्या उष्णतेने वितळूनच गेला. दुसरा वेगळ्या जातीचा मिळवला आणि पितळेच्या पट्टीवर थोडा दूर बसवला. बाकी सगळं एका डब्यात बसवलं. सगळ्यात अवघड होतं ते दिवा किती आवाजाला पेटावा हे ठरवणारं बटण. जास्त फिरवलं की व्हॉल्व्हच्या साध्या टकटकीलाही दिवा पेटायचा. कमी फिरवलं की खरा ठोकाही निसटायचा. मधली जागा शोधायची होती. तुम्हाला मी सांगितलं, मालकांना असल्या वस्तू आवडतात, गाडीत शोभेल. तुम्ही डबा हातात घेऊन उलटसुलट बघितलात. "बघू," म्हणालात. मालकांना तर तो बघताक्षणी आवडला.

आणि मग तो होटगी रोडचा दिवस.

ऊन मी म्हणतंय. ज्वारीची रानं कापून मोकळी झालीत आणि रस्त्यावर पाणी सांडल्यासारखं दिसतंय. मालक गाडी चालवतायत, तुम्ही त्यांच्या शेजारी, मी मागे डबा घेऊन. सकाळी गॅरेजमध्ये तुम्ही टायमिंग लावलंत ते मी बघितलं होतं. तुम्ही डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवत होतात, आणखी पुढे, आणखी पुढे. ज्या आवाजावर थांबायचं तो तुमच्यापर्यंत येतच नव्हता. शेवटी तुम्ही अंदाजाने थांबलात. मी बोलणार होते, पण मालक तिथेच उभे होते. आता गाव मागे पडतं, रस्ता सरळ होतो, मालक पाय दाबतात. इंजिनातून शिट्टीसारखा आवाज चढत जातो, टर्बो जागा होतोय. पाठ सीटला चिकटते. आणि दिवा पेटतो. लुकलुकतो, मग पेटलेलाच राहतो.

"उस्ताद, दिवा पेटला की," मालक आरशात बघून म्हणतात.

तुम्ही मान वाकडी करून ऐकल्यासारखं करता. "टॅपेटचा आवाज हाय त्यो, व्हॉल्व्हची टकटक. हिच्या डब्याला काय कळतंय." आणि मागे वळून तुम्ही ते बटण कमी करता. "आता घ्या जोरात."

अण्णा, दिवा विझला होता पण मला ऐकू येत होतं. डब्यात शेंगदाणे. आधी मूठभर, मग ओंजळभर. मी पुढे वाकून म्हणाले, "अण्णा, ठोकतंय ओ." तुमच्या पाठीमागून बोलले, म्हणून तुम्हाला कळलं नाही. मी तुमच्या खांद्याला हात लावला. तुम्ही वळलात, मी ओठ स्पष्ट हलवून पुन्हा म्हणाले, "ठोकतंय." तुम्हाला कळलं. नक्की कळलं. तुम्ही म्हणालात, "गप बस." मालकांनी एकदा तुमच्याकडे बघितलं, एकदा आरशात माझ्याकडे. ज्या माणसाच्या कानावर भरवसा ठेवून ते आले होते, त्याचंच ऐकणं त्यांना भाग होतं. त्यांनी पाय दाबला. काटा चढत गेला. आवाज आता शेंगदाण्यांसारखा राहिला नव्हता, कुणी छिन्नीने लोखंड तोडतंय असा झाला होता. समोर दूरवर मेंढरांचा कळप रस्त्याच्या कडेने चालला होता. मला एवढंच दिसत होतं की पिस्टन फुटला आणि इंजिन जाम झालं तर ही गाडी त्या कळपात जाईल, आणि कळपाच्या पुढे डोक्याला मुंडासं बांधलेला माणूस चाललाय. मी दोन सीटच्या मधून अंग पुढे टाकलं आणि किल्ली फिरवली.

इंजिन गप्प झाल्यावर वाऱ्याचा नुसता सुसाट आवाज राहिला. मालकांनी दोन्ही हातांनी चाक धरून ब्रेक दाबला, गाडी मातीत उतरली, हलत हलत थांबली. कळप अजून बराच पुढे होता. मुंडाशातला मेंढका मागे वळून आमच्याकडे बघत होता.  मग तुम्ही दार उघडून उतरलात, मागचं दार उघडलंत, डबा माझ्या मांडीवरून उचललात, तारा ओढून तोडल्यात आणि तो रस्त्याकडेच्या धुळीत ठेवलात. आपटला नाहीत, ठेवलात. तेच जास्त लागलं. "कुनाला इचारून किल्ली फिरवलीस? जीव घ्यायचा हाय का आमचा?" मग मालकांच्या समोर, "साकु," म्हणालात. पुरे. राग फार चढला की तुमच्या तोंडात दुधनीकडचं कानडी यायचं. "साकु! उद्यापासनं गॅरेजात पाय ठिवायचा न्हाय."

मी उतरले. तुमच्या समोर, ओठ दिसतील अशी उभी राहिले. "प्लग काढा अण्णा. प्लग काढून बघा, मग काय बोलायचं ते बोला." मालक हळूच म्हणाले, "बघायला काय हरकत आहे, उस्ताद." तुम्ही बॉनेट उघडलंत. मग डिकीतून पाना काढलात, हाताला फडकं गुंडाळलंत आणि तापलेल्या इंजिनावर वाकलात. पहिला प्लग बघितलात, बाजूला ठेवलात. दुसरा. तिसरा हातात धरून तुम्ही उन्हाकडे वळलात. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चकाकणारे ठिपके होते, मिठाचे कण चिकटावेत तसे. ते काय होतं हे तुम्हीच मला शिकवलं होतं. पिस्टनचा धातू वितळून उडाला होता. आणखी थोडा वेळ गाडी तशीच पळाली असती तर पिस्टनला भोकच पडलं असतं. तुमचा अंगठा त्या ठिपक्यांवरून एकदा फिरला. ते पुसले गेले नाहीत. तुम्ही वर बघितलंत, माझ्याकडे, पहिल्यांदा. त्या दिवसाआधी मी तुम्हाला घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

मालकांना तुम्ही एवढंच सांगितलंत, "आज नगं. टायमिंग मागं घेऊन सावकाश घरी नेऊ." आपण परत निघालो. धुळीतला डबा मी पदराने पुसून पुन्हा मांडीवर घेतला होता. तुम्ही हरकत घेतली नाहीत.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तुम्ही भिंतीला टेकून, जेवायला न घेता बसलात. मनगटावरचं घड्याळ काढून डाव्या कानाला लावलंत. मग उजव्या. मग माझ्याकडे दिलंत. "चालू हाय का बघ." मी कानाला लावलं. टिकटिक अगदी खणखणीत येत होती. "चालू हाय," मी म्हणाले. तुम्ही ते परत घेतलंत आणि उगीचच किल्ली दिलीत.

मग म्हणालात, "त्यो दिवा इंजिनासाठी न्हाय केलास तू. माझ्यासाठी केलास. व्हय न्हवं?"

मी भाकरीकडे बघत राहिले. उत्तर आईनेच दिलं, तवा उतरवता उतरवता. "मला तर लई दिस ठाव हाय. मागनं हाक मारली की तुमी वळत न्हाई. म्या पुढं येऊन बोलती, एवढंच." तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात. ती तुमच्या ताटात भाकरी वाढत होती, जसं काही तिने पावसापाण्याची गोष्ट सांगितली. "मग बोललीस का न्हाईस?" "काय बोलायचं? तुमी इचारलं न्हाई." त्यावर तुम्ही जेवलात. मला अजून कळत नाही कसं, पण जेवलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजला जायचं की नाही ते मला माहीत नव्हतं. तुम्ही दारात चप्पल घालता घालता म्हणालात, "चल की." बस, तेवढंच. मालक आले तेव्हा मी चहा ठेवून निघत होते, तर तुम्ही म्हणालात, "थांब हितंच." आणि मग त्यांना सरळ सांगितलंत. आडून आडून नाही. "मालक, मला वरचा आवाज ऐकू येत न्हाय. कवापासनं ते म्हाईत न्हाय. काल पोरगी म्हनली ते खरं हुतं आन् मी दिवा बंद केला. तुमी गाडी दुसरीकडं न्या म्हनला तर मी समद्या तारा सोडवून देतो." मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी त्या निळ्या गाडीकडे बघितलं. "उस्ताद, मी तुमच्या कानावर भरवसा ठेवून तिच्यात बसलो होतो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. तुम्ही म्हणालात, "व्हय." ते गाडी घेऊन गेले. तुम्ही दिवसभर दुसऱ्या कुणाच्या तरी जीपचं चाक धुतलंत, जे धुवायची काही गरज नव्हती.

ते दिवस वाईट गेले. मालकांनी कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही, पण बातमी पसरली. एक जुना ड्रायव्हर आला आणि तुमच्या तोंडासमोर ओरडून बोलायला लागला, जणू तुम्ही ठार बहिरे झालात. तुम्ही त्याला म्हणालात, "वरडू नगंस. ऐकू येतंय मला. फकस्त इंजिन येत न्हाय." तो हसला. तुम्ही हसला नाहीत. मी कोपऱ्यात माझ्या तारा जोडत राहिले आणि डब्याकडे बघायचं टाळत राहिले.

पुढच्या आठवड्यात मालक पुन्हा आले. निळी गाडी कडुलिंबाखाली लावली, उतरून थेट माझ्या टेबलाशी आले. "ताई, तुमचा डबा खात्रीनं सांगतो का?" मी म्हणाले, "बटण नीट लावलं तर सांगतो. ते अजून नीट लागलेलं नाही." "कसं लावणार?" मला उत्तर माहीत होतं, पण ते बोलायला धीर होईना. ते तुम्ही बोललात. "मुद्दाम ठोकवाया लागंल. खरा ठोका हितं उभ्या उभ्या आनायचा, हळू, इंजिन मरू न देता. ही कानानं ऐकंल आन् दिवा त्याला जुळवंल." म्हणजे जो आवाज तुम्ही सगळं आयुष्य टाळत आलात, तोच तुम्ही आता स्वतःच्या हाताने आणणार होतात, आणि तो तुम्हाला ऐकू येणार नव्हता. तुम्ही डिस्ट्रिब्युटरवर हात ठेवलात आणि डोळे माझ्या चेहऱ्यावर. मालक गाडीत बसून पाय दाबायला तयार. मी एका हाताने बटण धरलं. तुम्ही थोडं पुढे फिरवलंत. काही नाही. आणखी थोडं. माझ्या भुवया हलल्या असाव्यात, कारण मी तोंड उघडायच्या आधीच तुमचा हात मागे आला. "आला?" "आला." "परत." असं कितीतरी वेळा केलं. दर वेळी तोच भीतीचा एक क्षण, दर वेळी तुमचा हात वेळेत मागे. दिवा कधी आधी पेटायचा, कधी पेटायचाच नाही. ऊन चढलं, घाम डोळ्यात गेला, मालकांचा शर्ट पाठीला चिकटला. शेवटी एक जागा सापडली. ठोका आला की दिवा, गेला की अंधार, आणि व्हॉल्व्हच्या टकटकीला तो हलतही नाही. मी बटणाशेजारी खिळ्याने एक ओरखडा काढला. तुम्ही तो ओरखडा बघितलात आणि म्हणालात, "आता ह्याला कुनी हात लावायचा न्हाय. मी बी न्हाय."

रस्त्यावरच्या चाचणीला तुम्ही गाडीत बसायला तयार झाला नाहीत. "मी आत बसलो तर माजं तोंड गप बसायचं न्हाय," म्हणालात. होटगी रोडला तुम्हाला बाभळीच्या सावलीत सोडून आम्ही पुढे गेलो. त्याच मेंढक्याचा कळप तिथे बसला होता, तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बसलात. मी मागे वळून बघितलं तेव्हा तुम्ही हात डोळ्यांवर धरून आमच्याकडे बघत होतात. मालकांनी गाडी लांब नेऊन फिरवली आणि मग सगळा पाय दाबला. शिट्टी चढत गेली, काटा चढत गेला, माझा एक डोळा दिव्यावर आणि दोन्ही कान इंजिनावर. दिवा एकदाच लुकलुकला, थोड्या चढावर, आणि विझला. इंजिनाचा आवाज सलग होता, कापड फाडत जावं तसा. आम्ही तुमच्या समोरून गेलो तेव्हा मेंढरं उठून पळाली. तुम्ही उभे होतात.

परत आलो. तुम्ही पुढे येऊन विचारलंत, "कितींदा पेटला?" मी म्हणाले, "एकदाच, चढावर." तुम्ही तिथेच बॉनेट उघडलंत, गरम इंजिनावर वाकलात आणि डिस्ट्रिब्युटर केसभर मागे घेतलात. नट आवळताना तुमचे हात पूर्वीसारखेच होते. मेंढका माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमचं अन्ना मला इचारत हुतं, आवाज येतोय का, कसला येतोय, बारीक येतोय का जाड. म्या म्हनलं, मोटारीसारका येतोय की." तुम्ही हे बोलणं बघत होतात की नाही मला माहीत नाही. तुम्ही फडक्याने हात पुसत माझ्याकडे आलात आणि विचारलंत, "भ्या वाटलं का?"

गाडी मद्रासकडे गेली, शर्यतीत मधेच कुठेतरी आली, आणि इंजिन शाबूत घेऊन परत आली. मालकांना नंबरापेक्षा त्याचंच कौतुक होतं. पुढे पुढे लोक आपल्या गाड्या घेऊन यायचे आणि आपण दोघं एका बॉनेटवर वाकायचो, तुम्ही हातानं, मी कानानं. काहींनी येणं बंद केलं, तेही खरं. तुम्ही त्यांची नावं कधी काढली नाहीत. मग तुमची छाती कफानं भरत गेली. शेवटच्या महिन्यांत तुम्ही खाटेवरून माझे ओठ बघायचा, आणि मी दिवसभरात कोणकोणत्या गाड्या आल्या ते सांगायचे. तुम्ही गेलात त्यानंतरही कितीतरी दिवस मला माणसांसमोर बोलताना ओठ जास्त हलवायची सवय राहिली होती. कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा विद्यार्थी त्यावरून हसायचे. मी त्यांना कारण सांगितलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं, हा प्रश्नच नाही. लिहून झालं की टेबलाच्या खणात ठेवून देईन, आणि बहुधा पुन्हा वाचणारही नाही. फक्त एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी रस्त्यावर तुम्ही विचारलंत, भ्या वाटलं का, तेव्हा मी "व्हय, थोडं," म्हणाले. तुम्ही उन्हात त्या परक्या माणसाला गाडीचा आवाज विचारत एकटे थांबला होतात, तिथे दुसरं काही बोलणं मला बरं दिसेना. खरं सांगू? मला अजिबात भीती वाटली नव्हती, अण्णा. तुमच्या समोरून आम्ही गेलो ना, तेव्हा तुमचीसुद्धा आठवण नव्हती मला. मी मोठ्याने हसत होते. रस्ता संपू नये असं वाटत होतं.